आत्या भडकली!

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी हुशार आहे. हे मी म्हणत नाही, माझे बाबा म्हणतात; आणि बाबा कशाला खोटं बोलतील?

मी आकाशगंगांवर पाळत ठेवते. हो, तोच माझा धंदा! सगळ्या आकाशगंगांवर नाही. त्या बिचाऱ्या बहुतेक सरळ असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्याकडे असतात त्या तापट. त्यांच्या मधोमध एक भलंमोठं कृष्णविवर बसलेलं असतं. ते हाताला लागेल ते गिळत असतं, आणि गिळता गिळता त्याच्याजवळून एक झोत असा काही सुटतो की विचारू नका! तो झोत नेमका आपल्या दिशेने असला की त्यातून आपल्यावर गॅमा किरण येतात. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण डोकं फिरलेला. तो हवेतच अडतो, जमिनीपर्यंत येत नाही, म्हणून त्याच्यासाठी वर एक उपग्रह ठेवलाय. उपग्रह बघतो, आकडे खाली पाठवतो आणि मी त्या आकड्यांची रेघ बघत बसते. रेघ आडवी असली की आकाशगंगा शांत. रेघ उभी चढली की समजायचं, भडकली!

आता या आकाशगंगांची अधिकृत नावं म्हणजे नुसते आकडे आणि मधे एक अधिकचं चिन्ह. कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आमच्या विभागात प्रत्येकीला टोपणनाव आहे, आणि दुर्बिणवाल्यांनीही तीच नावं उचललीत. एक 'घरमालकीण' आहे, ती महिन्यातून एकदा नेमाने तापते. एक 'भाडेकरू' आहे, ती हळूहळू सरकते असा आम्हाला संशय आहे. आणि एक आहे 'आत्या'. हे नाव मी ठेवलं.

का ठेवलं, ते माझ्या आत्याला ओळखणाऱ्याला सांगावं लागत नाही. महिनोन्‌महिने शांत. इतकी शांत की आपण म्हणावं, सुधारली बाई! आणि मग एक दिवस काही कारण नसताना जी भडकते, की समोर असेल त्याची धडगत नसते. कारण कुणालाही कळत नाही. आकाशातल्या आत्याच्या बाबतीत त्यावर आमच्याकडे तीन तट आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय तिचा राग निघालेला असतो अब्जावधी वर्षांपूर्वी आणि आपल्यापर्यंत पोहोचतो आज. आमच्या घरच्या आत्याचंही तेच. बाबांनी लहानपणी तिचं गजराचं घड्याळ 'आत काय असतं ते बघायला' उघडलं होतं. तो राग अजून पोहोचतोय.

अर्थात या नावाचा आत्याला पत्ता नव्हता. मला जगायचं होतं.

तर आकाशगंगा भडकली की नुसते गॅमा किरण बघून भागत नाही. त्याच वेळी बाकीच्या दुर्बिणींनीही तिच्याकडे वळावं लागतं. एकीला रेडिओ लहरी ऐकू येतात, एकीला साधा प्रकाश दिसतो, एकीला क्ष-किरण. सगळ्यांनी मिळून पाहिलं तर भडका कुठून पेटला आणि कसा पसरला ते कळतं. पण तो पेटतानाच पकडायला हवा! आणि आत्याचा एकही भडका आजवर सुरुवातीपासून कुणाला मिळाला नव्हता. दर वेळी आम्ही पोहोचेपर्यंत बाई पदर सावरून शांत बसलेली! कारण आमची पद्धत. कुणीतरी रेघ बघणार, तो विभागप्रमुख बाईंकडे धावणार, बाई चष्मा शोधणार, चष्मा कपाळावर सापडणार, मग फोनाफोनी.

म्हणून मी यंत्रणा बांधली. रेघ चढली रे चढली, की यंत्रणा आपण होऊन तिन्ही दुर्बिणींना निरोप धाडणार. मधे माणूस नाही, चष्मा नाही, काही नाही. तीन वर्षं खपले मी तिच्यावर.

"आणि चूक झाली तर?" बाईंनी भर बैठकीत विचारलं.

"चूक माणसं करतात बाई. माझी यंत्रणा नाही!" मी म्हणाले. उभी राहून म्हणाले.

"ठीक आहे. आत्याचा पुढचा भडका तुझा. पकडलास तर यंत्रणा कायमची. निसटला तर ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे."

आता चाचणीसाठी त्या दुर्बिणवाल्यांना कशाला छळायचं? म्हणून मी केंद्र एकच्या जागी बाबांचा नंबर घातला, दोनच्या जागी काकांचा आणि तीनच्या जागी दादाचा. यंत्रणा 'चाचणी' असा निरोप पाठवायची. दादाचा अंगठा यायचा. काका विचारायचे, "पैसे कापले जातात का?" आणि बाबा दर वेळी उत्तर द्यायचे, "मिळाला. जेवलीस का?" चाचणी उत्तम पार पडली. आता फक्त पडद्यावरची 'चाचणी' ही खूण काढून टाकायची होती.

काढली का? सांगते ना!

त्या दिवशी दुपारी डबा खाऊन मी खुर्चीत जरा मागे रेलले होते. समोर आत्याची रेघ. आडवी. आणि बघता बघता तिने मान वर काढली. मग खांदे. मग अशी काही उठली की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली!

"बाई!" मी किंचाळले. "आत्या भडकली!"

बाई धावत आल्या. चष्मा कपाळावरच होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत यंत्रणेने टिंग करून निरोप सोडला. काय देखणा निरोप होता! एकेक शब्द मी स्वतः घासूनपुसून बसवला होता. तो असा:

'आत्या भडकली आहे. नेहमीच्या नऊपट. अजून चढते आहे. आत्या मावळायच्या आत हातातलं काम सोडून तिच्याकडे वळावे. शंका असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.'

खाली क्रमांक रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षाचा. सगळ्या दुर्बिणींची जुळवाजुळव तिथूनच होते. तिथे जे गृहस्थ बसतात त्यांना आम्ही कानसेन म्हणतो, कारण त्यांचा जन्म आकाशाला कान लावण्यात गेला. बोलतात कमी, हसत तर नाहीतच. मावळणं म्हणाल तर आकाशगंगाही सूर्यासारखी मावळते, आणि एकदा ती क्षितिजाखाली गेली की कानसेनांच्या दुर्बिणीला काही ऐकू येत नाही. आत्या दिवेलागणीनंतर लगेच मावळणार होती. म्हणजे वेळ थोडा होता.

पडद्यावर लगेच उत्तर आलं. 'केंद्र एक: निघालो.'

"बघा बाई! दुर्बीण निघाली!"

'केंद्र दोन: वाटेत आहे.'

"दुसरीही वळतेय!"

'केंद्र तीन: डॉक्टरांना सोबत घेतलं आहे.'

"अगं बाई!" बाईंचा आवाज घोगरा झाला. "त्यांचे मोठे डॉक्टर? जातीने?"

आमच्या क्षेत्रात ज्याला त्याला डॉक्टर म्हणतात, त्यामुळे मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट छाती अशी फुगली की खुर्ची मागे सरकली. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्या विभागात पाठीवर हात म्हणजे फार झालं!

'केंद्र एक: पोहोचलो. दार उघडलं.'

"दुर्बिणीच्या घुमटाचं दार," मी बाईंना समजावलं. त्यांना ते चाळीस वर्षं माहीत होतं.

मग जरा वेळ काहीच नाही. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'केंद्र एक: नीट पाहिलं. आत्या पूर्ण शांत आहे. वाटाणे सोलते आहे.'

बाई पडद्याजवळ सरकल्या.

"वाटाणे?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे कुठलं नवीन परिमाण?"

'केंद्र एक: तू जेवलीस का?'

माझ्या तोंडचं पाणी पळालं! पडद्याच्या कोपऱ्यात बघते तर काय, 'चाचणी' ही खूण जागच्या जागी, ऐटीत बसलेली. म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या मेहनतीने जगातला पहिलावहिला निरोप धाडला होता तो तीन दुर्बिणींना नाही, तर बाबांना, काकांना आणि दादाला. आणि बाबांना काय, उपग्रहाचा निरोप म्हणजे ब्रह्मवाक्य! 'माझी मुलगी वरून सगळं बघते' असं ते न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत असतात.

"बाई, जरा पाणी पिऊन येते," असं म्हणून मी बाहेर पळाले आणि दादाला फोन लावला.

"दादा! कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? आत्याकडे! तुझा निरोप आला ना. 'अजून चढते आहे' म्हटल्यावर मी दवाखान्यातून डॉक्टरांनाच उचललं. रक्तदाब नऊपट म्हणजे चेष्टा आहे का? आणि वर 'मावळायच्या आत'! अगं, असं लिहितात का कुणी? बाबा रिक्षात रडत आले म्हणे."

"अरे, ती आत्या नाही रे! ती आकाशगंगा!"

"कोण गंगा?"

"ते मरू दे. आत्या कशी आहे?"

"आधी शांत होती, खोटं नाही सांगत. तिने म्हणे दोन महिने आवाजच चढवला नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं रागावू नका म्हणून. आतोबा तर इतके खूश होते, गाणी ऐकायला लागले होते. डॉक्टरांनी आल्या आल्या रक्तदाब मोजला, तोही अगदी छान."

"मग?"

"मग काका तिला म्हणाले, 'ताई, शांत हो.'"

मी डोळे मिटले. जगात आजवर 'शांत हो' या शब्दांनी एकही बाई शांत झालेली नाही.

"ती म्हणाली, 'मी शांतच आहे.' काका म्हणाले, 'बघ, चढला आवाज.' ती म्हणाली, 'चढलेला नाही.' बाबा म्हणाले, 'ताई, उपग्रहाला दिसलंय.' डॉक्टर पुन्हा पट्टा बांधायला लागले. तो तिने सोडून फेकला, तो आतोबांच्या रेडिओवर पडला."

"आणि आता?"

"आता उपग्रहाचं बरोबर आहे."

मागून बाबांचा आवाज आला, अभिमानाने भरलेला. "मी सांगितलं नव्हतं? माझ्या भिंगरीचं यंत्र चुकत नाही! फक्त जरा आधी सांगतं!"

भिंगरी म्हणजे मी. घरी मला तसंच म्हणतात.

"दादा, आत्याला फोन दे. मी माफी मागते."

"ती आतल्या खोलीत फोनवर आहे. त्या निरोपाखाली नंबर होता ना? 'शंका असल्यास' म्हणून? तिला शंका आहे."

रेडिओ दुर्बिणीचा नियंत्रण कक्ष! कानसेन!

धावत जागेवर आले. पहिलं काम, ती खूण उडवली आणि निरोप पुन्हा पाठवायला गेले. यंत्रणा काय म्हणते? 'हा भडका आधीच कळवला आहे. पुन्हा कळवण्याची गरज नाही.' ही सोय मीच केली होती! एकाच भडक्यासाठी लोकांना दोनदा त्रास नको म्हणून. बैठकीत त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कानसेनांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीवर लावला, तर तिथली मंडळी रात्री जागतात, दुपारी झोपतात, कुणी उचलेना. क्ष-किरणवाल्यांकडे एक यांत्रिक बाई अतिशय गोड आवाजात सांगत होती की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि पडद्यावर आत्याची रेघ चढतेच आहे, चढतेच आहे! असा भडका मी जन्मात पाहिला नव्हता. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती समोर पेटलेली, आणि माझ्याशिवाय तिच्याकडे बघायला कुणी नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्रणा गेली तर गेली, पण हा भडका जायला नको होता.

कानसेनांचा फोन अजून व्यस्त. माझी आत्या बोलायला लागली की लवकर थांबत नाही.

शेवटी मी बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

"बाई, एक सांगायचंय. माझी यंत्रणा..."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी हाताने मला थांबवलं. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कानसेन आहेत," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन केला.

"वळवली!" पलीकडून कानसेनांचा आवाज. धाप लागलेली. "दुर्बीण वळवली! बाकीच्या दोघांनाही त्यांच्या खासगी नंबरवर उठवून कळवलं, साध्या प्रकाशवाले अंधार पडताच बघतील. अगदी पहिल्यापासून मिळतोय भडका! आणि त्या मुलीला सांगा, यंत्रणा भन्नाट! मला वाटलं साधा लेखी निरोप येईल. तुम्ही तर आवाजच बसवलात!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"अहो, किती जिवंत! फोन उचलला तर पलीकडून, 'मी आत्या बोलतेय! मी भडकले म्हणून कोण सांगत सुटलंय?' मी म्हटलं, भडकलात? किती पट? तर म्हणे, 'नऊपट ऐकलं होतं, आता शंभरपट समजा!' मी ताबडतोब सर्वांत तातडीची पातळी लावली. खात्री करायला म्हटलं, पुन्हा सांगा. तर म्हणे, 'कान फुटलेत का?' म्हणजे बघा, कुणाशी बोलतोय तेही यंत्रणेला ठाऊक!"

"आणखी काही?" बाईंचा आवाज आता थोडा थरथरत होता.

"मी विचारलं, मावळायला किती वेळ आहे? तर म्हणाली, 'मी मावळेन तेव्हा मावळेन, तुम्हाला कसली घाई झालीय?' माझी तर बोबडी वळली. एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने दुर्बीण फिरवली. तीस वर्षांत मी इतक्या झपाट्याने दुर्बीण फिरवली नाही. लेखी निरोप असता तर आधी चहा प्यालो असतो!"

बाईंनी फोन ठेवला.

"काय सांगत होतीस?"

मी सगळं सांगितलं. खूण, बाबा, काका, दादा, डॉक्टर, वाटाणे. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांचे खांदे हलत होते. आमच्या बाई हसतात हे त्या दिवशी विभागाला प्रथम कळलं.

रविवारी मी आत्याकडे गेले. सोबत तिच्या रेघेचा मोठा छापील कागद होता. बाबा, काका दाराबाहेरच थांबले. म्हणाले, आधी तू हो पुढे.

"ये, भिंगरे," आत्या म्हणाली. नको तितक्या शांतपणे. "माझं नाव आभाळात नेलंस म्हणे?"

"आत्या, चुकलं."

"ते नंतर. आधी दाखव."

मी कागद पसरला. आत्याने त्या उभ्या रेघेवरून बोट फिरवत नेलं, वर, वर, अगदी टोकापर्यंत.

"ही मी?"

"हो."

"आणि आहे कुठे ही?"

"इतकी लांब की तिथून निघालेला प्रकाश इथे यायला अब्जावधी वर्षं लागतात."

"आणि तिथून भडकली तरी इथे कळतं?"

"कळतं म्हणजे! सगळ्या जगाच्या दुर्बिणी तिच्याकडे वळल्यात आत्या. आजवर एवढा भडका सुरुवातीपासून कुणी पाहिला नव्हता. तो आम्हाला मिळाला, आणि तू फोनवर ओरडलीस म्हणून मिळाला."

आत्याने पदराने डोळे टिपले. मीही ओढणी डोळ्यांना लावली, खोटं कशाला सांगू! माझा तो आनंद समजणारं घरात कुणी असेल, तर ते ही बाई असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग तिने आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? चाळीस वर्षं म्हणताय ना, बाई उगाच तापते? जग दुर्बीण लावून बसलंय!"

आतोबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

माझी यंत्रणा कपाटात गेली नाही. बाईंनी ती ठेवली. फक्त कानसेनांनी लेखी अर्ज केला की लेखी निरोपाने त्यांना झोप येते, तरी तो पूर्वीचाच आवाज कायम ठेवावा. त्यामुळे आता रेघ चढली की यंत्रणेचा पहिला निरोप जातो आत्याला. आत्या हातातलं काम टाकून तिन्ही केंद्रांना फोन लावते. दुर्बिणी अशा वळतात की बघत राहावं! दुपारी झोपणारी मंडळीही आता पहिल्या घंटेला फोन उचलतात. 'घरमालकीण' आणि 'भाडेकरू' यांचाही कारभार तिनेच मागून घेतलाय. रक्तदाब? उत्तम! डॉक्टर म्हणतात, सगळा राग कामी लागतोय. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

परवा आमच्याकडे मोठी परिषद भरली. आमच्या भडक्यावरचा निबंध मी वाचला. टाळ्या थांबता थांबेनात. बाबा पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला माझ्याकडे बोट दाखवत होते. बाहेर आले तर एक फार मोठे, पांढऱ्या दाढीचे शास्त्रज्ञ गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आले. ज्यांची पुस्तकं वाचून मी शिकले, ते! मी ओढणी नीट केली, मान ताठ केली.

"त्या तुम्हीच ना?" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"हो," मी नम्रपणे म्हणाले. म्हणजे, जमेल तितकं नम्रपणे.

"वा! वा! आत्यांची भाची!" ते म्हणाले. "आज त्या स्वतः आल्या आहेत का हो?"